टाचणातला पूर

गंगासागरबाईंच्या हाताखालून अकरा मास्तर गेले आणि अकराच्या अकरा कायम झाले. हे वाक्य बाई स्वतःच इतक्या वेळा म्हणत की मोरवडगावच्या शाळेतली पहिलीची पोरंसुद्धा ते पाढ्याच्या चालीवर म्हणून दाखवायची. बाई रागवायच्या नाहीत. खरं ते खरं, त्यात राग कसला?

बारावा होता त्रिंबक. पालीकडच्या शेतकरी घरातला, अंगानं काटकुळा, खिशाला दोन पेनं आणि आवाज असा की पहिल्या रांगेतल्या पोरानंही कान टवकारावेत. पावणेतीन वर्षांपूर्वी वडवणीच्या एसटीतून उतरून तो शाळेच्या दारात उभा राहिला, तेव्हा पोरांना वाटलं, डोस पाजायला कुणीतरी आलंय. चौथीच्या पोरींनी आपापली धाकटी भावंडं काखेत मारली आणि घर गाठलं. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, "घाबरू नको. तुझ्याहून कच्चे दोघं आलते. आज तालुक्यात नाव काढायलेत."

नव्या मास्तराची पहिली तीन वर्षं शिक्षण सेवकाची. तीन वर्षांत शेरे चांगले पडले तर माणूस कायम होतो, नाहीतर घरच्यांनी पेढे वाटायला धरलेला मुहूर्त लांबतच जातो. त्रिंबकची तीन वर्षं डिसेंबरात भरणार होती. घरी म्हातारा बाप रोज दिनदर्शिकेवर काट मारायचा, हे त्यानं बाईंना पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, आणि तेव्हापासून त्या डिसेंबरची काळजी त्याच्यापेक्षा बाईंनाच जास्त लागली होती.

बाईंची माणूस घडवायची तऱ्हा वेगळीच. शाळेला खोल्या दोन, मध्ये एक भिंत. अलीकडं बाईंची पहिली-दुसरी, पलीकडं त्रिंबकची तिसरी-चौथी. बाई आपल्या पोरांना बाराखडी गिरवायला लावायच्या, खुर्ची भिंतीला टेकवायच्या आणि कान पलीकडं ठेवायच्या. हातात लाकडी पट्टी. भिंतीवर एकदा टक् झालं, म्हणजे हळू बोल, तुझी गाडी सुटत नाही. दोनदा झालं, म्हणजे फळ्याशी काय बोलतोस, मागच्या पोरांकडं बघ. तीनदा झालं, म्हणजे बाहेर ये. पहिल्या महिन्यात ती भिंत इतकी वाजली की शेजारच्या बायनाबाईनं कुंपणावरून विचारलं, "बाई, शाळेला खोली वाढवायलात का?"

पोरं तर बारा गावचं पाणी प्यालेली. आठवड्याभरात त्यांना सगळ्या खुणा पाठ झाल्या. भिंत वाजली की चौथीतली एखादी पोरगी हात वर करायची, "सर, दोनदा वाजलं. आमच्याकडं बघा." त्रिंबक कानापर्यंत लाल व्हायचा, पण बघायचा. बघता बघता त्याचा आवाज वाढला, मान वर आली, आणि दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीला भिंत आठवड्यातून एखाद्या वेळेलाच वाजायला लागली. त्याला ताप आला तेव्हा बाईंनी चारही वर्ग एकटीनं ओढले. दुपारच्या डब्यात त्याच्या वाटच्या दोन भाकरी जास्तीच्या यायच्या, आणि ज्या दिवशी पाठ वाईट झाला असेल त्या दिवशी सोबत ठेचाही यायचा. नव्या मास्तराला उपाशीपोटी रागावू नये, असं बाईंचं मत होतं.

पण सगळ्यात मोठं शस्त्र होतं टाचण.

मास्तरानं दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं ते आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवायचं, त्याला टाचण म्हणतात. घटक काय, साहित्य काय, पोरांकडून काय करून घेतलं, अनुभव काय आला. बाईंची चोवीस वर्षांपूर्वीची एक टाचण वही होती. लाल कापडी बांधणीची, टपोऱ्या अक्षराची. तेव्हाच्या साहेबांनी तिच्या शेवटच्या पानावर "जिल्ह्यात असे टाचण पाहिले नाही" असा शेरा मारला होता. तेव्हापासून बाई ती वही प्रत्येक नव्या मास्तराच्या हातात ठेवायच्या आणि सांगायच्या, "यातलं जसंच्या तसं उतरव. काना-मात्रा हलवायचा न्हाई. पुस्तकं बदलली असतील, धडे मागंपुढं झाले असतील, पण झाड, माती अन् पाणी काय बदलतंय का?"

अकरा जणांनी ते उतरवलं होतं. त्रिंबकनं पहिल्या वर्षी एके ठिकाणी स्वतःचं वाक्य घातलं, तर बाईंनी त्यावर तिरपी रेघ मारली. त्यानंतर त्यानं पुन्हा वाक्य घातलं नाही. दर शनिवारी तो वही पुढं करायचा, बाई "तपासले" असं लिहून सही ठोकायच्या. वाचायची गरजच काय? सगळं आपलंच तर होतं.

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. पालीच्या धरणाचा तळ उघडा पडला होता, मग मोरवडगावच्या नदीचं काय विचारता? वाळवंट झालं होतं तिचं. गावच्या दूध संस्थेत एके काळी सकाळी वीस कॅन भरायचे, ते दोनावर आले. संस्थेचे चेअरमन अर्जुनराव, वय तिशीच्या थोडं पुढं, अंगावर कडक इस्त्री आणि बोलण्यात त्याहून कडक. पण माणूस कामाचा. त्यांनी संस्थेच्या नावावर नदीकाठच्या माळावर चारा छावणी उभी केली. गावची जनावरं तिथं गेली, जनावरांमागं माणसं गेली आणि माणसांमागं शाळेची पोरं. सकाळी पोरं छावणीत शेण काढायची, मग नदीच्या वाळूत झिरा उकरायची. वाळूत हात-दोन हात खड्डा खणला की तळाशी पाणी पाझरतं, तो झिरा. ते भांड्यानं हळूहळू भरून घरी पाठवायचं आणि मगच शाळेत यायचं. हजेरीला निम्मा वर्ग पेंगत असायचा.

ऑगस्टात एकदा त्रिंबक बाईंसमोर येऊन उभा राहिला. हात मागं, नजर जमिनीवर.

"बाई, पोरं रोज झिरा उकरतात. तिथंच एखादा पाठ घेतला तर? पाण्याचाच घटक हाय."

"टाचणात काय लिहिलंय?"

"टाचणात पूर हाय."

"मग पूर शिकव. पुस्तकात चित्र असंल."

"पण बाई, पोरांच्या डोळ्यापुढं..."

"त्रिंबक," बाई म्हणाल्या, "डिसेंबरला किती दिवस राहिले? मोज. कायम झाल्यावर नदीत शाळा भरव, न्हाईतर झाडावर भरव. तोवर वळणावरनं हलायचं न्हाई."

त्यानं मान डोलावली. त्या रात्री त्यानं टाचणात पूर उतरवला, काना-मात्रा न हलवता. शनिवारी बाईंनी सही केली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वडवणीहून नवे विस्तार अधिकारी मोटरसायकलवर आले. धुळीनं माखलेले, हेल्मेट काखेत. आधीचे साहेब वही उघडत, अक्षर बघत आणि चहा घेत. हे साहेब चहा नको म्हणाले आणि त्रिंबकची टाचण वही वाचायला बसले. पहिल्या ओळीपासून. गंगासागरबाईंना तेव्हाच कुठंतरी चुकल्यासारखं वाटलं. वाचणारा साहेब त्यांनी तेहतीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

अर्जुनरावही येऊन बसले होते, शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून. साहेबांनी एका पानावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'घटक, पाणी. गावच्या नदीला आलेला पूर सुरक्षित अंतरावरून दाखवला. पाण्याचा रंग, वेग व वाहून आलेल्या वस्तू यांचे निरीक्षण करून घेतले.' तारीख, चोवीस ऑगस्ट." साहेबांनी वर पाहिलं. "यंदाचा चोवीस ऑगस्ट?"

त्रिंबकनं मान डोलावली.

"'एक्केचाळीस मुलांनी पूर पाहिला व आनंद व्यक्त केला.' त्रिंबक सर, तुमच्या वर्गाचा पट किती?"

"एकवीस."

"मग वीस पोरं कुठून आली? पुरात वाहून आली का?" साहेबांचा चेहरा काही हसरा नव्हता. "पुढं ऐका. 'एक विद्यार्थी घसरून चिखलात पडला. त्यास धुऊन घरी पाठवले.' सर, सगळा तालुका टँकरवर जगतोय. हंडाभर पाण्यासाठी बायका भांडतायत. आणि तुम्ही पोरगं धुऊन पाठवलं? कोणतं पोरगं ते? बोलवा त्याला. मला भाग्यवान पोरगं बघायचंय."

ते पान, तो पूर, ती एक्केचाळीस पोरं, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. आपण आंधळ्यासारखी सही केली. न वाचता केली. आणि या पोरानं, मेल्यानं, पोरांची संख्यासुद्धा बदलली नाही. पण बदलणार कसा? काना-मात्रा हलवायचा न्हाई, असं सांगणारं कोण होतं?

"खाली मुख्याध्यापिकेची सही आहे," साहेब म्हणाले. "बाई, तुम्ही गडबडीत न वाचता सही केली असेल. होतं असं. पण सर, तुम्ही हे कुठून आणलंत?"

बाईंना वाट दिसली. साहेबांनीच दार उघडून दिलं होतं. गडबडीत सही झाली, एवढंच म्हणायचं. दोन वर्षांनी निवृत्ती होती, सेवापुस्तकात आजवर काळा ठिपका नव्हता. बाईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी त्रिंबक बोलला.

"माझं चुकलं साहेब. मीच लिहिलं. बाईंचा काही दोष न्हाई."

आणि गंगासागरबाई गप्प बसल्या. हे लिहिताना माझाही हात जड होतो, पण झालं ते असं. ज्या बाईंनी तीन वर्षं त्याला खोटं बोलू नको, पोरांपुढं मान खाली घालू नको म्हणून शिकवलं, त्या तिथं पदराशी चाळा करत गप्प बसल्या. लाज वाटली त्यांना. इतकी वाटली की समोरच्या अर्जुनरावांकडंही बघवेना.

साहेब उठले. "वर्गाला बाहेर काढा. चला नदीवर. हा पूर मला बघायचाच आहे."

एकवीस पोरं, एक साहेब, एक चेअरमन, पुढं त्रिंबक आणि मागं गंगासागरबाई, अशी वरात निघाली. बाईंची पहिली-दुसरी बायनाबाईनं सांभाळायला घेतली. छावणीतली माणसं वैरण टाकायची थांबून बघायला लागली. कुणाला वाटलं, सरकारी पाहणी आली. एकानं तर साहेबांना आपली म्हैस दाखवायला आणली.

नदीत उतरल्यावर साहेब म्हणाले, "पोरांनो, पूर बघितला का रे तुम्ही?"

"पूर?" चौथीतली तुळजा पुढं झाली. "लई लहान होते तवा बगितलता. आता झिरा हाय. बगायचा का? माझा सगळ्यात चांगला हाय."

आणि साहेबांनी हो-नाही म्हणायच्या आत पोरं पांगली. जो तो आपापल्या झिऱ्याकडं. तुळजानं काटेरी फांदी बाजूला सारली, आत फूटभर पाणी चकाकत होतं. साहेब वाकून बघायला लागले. त्रिंबक जागच्या जागी उभा होता. एका बाजूला साहेब, एका बाजूला बाई. मग त्यानं बाईंकडं एकदा पाहिलं. बाईंच्या हातात पट्टी नव्हती, आणि वाजवायला भिंतही नव्हती. त्यांनी फक्त मान हलवली. जणू म्हणाल्या, पाठ घे बाबा. घे.

त्रिंबक वाळूत उकिडवा बसला.

"तुळजा, इथंच का खणलंस? तिकडं मधोमध का नाही?"

"तिकडं वाळू पांढरी हाय सर. हितं सकाळी काळपट दिसत होती. काळपट म्हंजी वली."

"आणखी कुणाला काय वाटतं?"

सगळ्यांनाच काहीतरी वाटत होतं. वळणावर वाळू जास्त साठते म्हणून तिथं पाणी जास्त, असं एकाचं मत. खाली खडक लागला की पाणी थांबतं, असं दुसऱ्याचं. पहिलं पाणी गढूळ असतं, ते उपसून टाकायचं, मग निवळ येतं, असं एका मुलीनं हात नाचवत साहेबांनाच समजावलं. त्रिंबक एकाचं बोलणं दुसऱ्याकडं टाकायचा, दुसऱ्याचं तिसऱ्याकडं. आवाज वर नाही, खाली नाही. मागं उभ्या असलेल्या, नेहमी पेंगणाऱ्या दोघांना त्यानं वाळूचे थर खणून दाखवायला लावलं. वरची कोरडी, मधली ओलसर, खालची चिकट. बाई बघत होत्या. यातलं हे मी शिकवलं, मागच्या पोरांकडं बघायचं. हे मात्र मी नाही शिकवलं. हेही नाही.

"आता मला सांगा," त्रिंबक म्हणाला, "यंदा तर पाऊसच नाही. मग हे पाणी कुठलं?"

"देवाचं!"

"टँकर सांडला असंल सर!"

सगळे हसले. चेअरमन तर पोट धरून हसले, कारण टँकर त्यांच्या संस्थेचा होता. तुळजा मात्र हसली नाही. ती पाण्याकडं बघत होती.

"मागल्या पावसाचं हाय," ती म्हणाली. "न्हाईतर त्याच्याबी मागल्या. वाळूनं झाकून ठेवलंय आपल्यासाठी."

साहेब सरळ झाले. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस पुरेल गं हे?"

तुळजानं त्रिंबककडं पाहिलं. सगळ्या पोरांनी पाहिलं. उत्तर गंगासागरबाईंनाही येत नव्हतं. आणि त्रिंबकनं सरळ सांगून टाकलं, "मला माहीत नाही, साहेब. पोरांनो, मलाही माहीत नाही. कसं शोधायचं?"

मग काय विचारता. रोज मोजायचं, एकानं सांगितलं. कशानं मोजायचं, दुसऱ्यानं विचारलं. तुळजा म्हणाली, दूध संस्थेत खुणा केलेली सळई असते, कॅनमध्ये बुडवून दूध किती आलं ते बघतात, ती आणू. सगळ्या माना चेअरमनकडं वळल्या. अर्जुनराव म्हणाले, "न्या की. दूधच न्हाई तर सळई काय भिंतीला लावायची?" सळई आली. पोरांनी झिऱ्यात बुडवली, कुठल्या खुणेपर्यंत ओली झाली ते मोठ्यानं वाचलं, आणि साहेबांनी खिशातून पेन काढून तो आकडा स्वतःच्या तळहातावर लिहिला. कागद काढायचंही त्यांना सुचलं नाही.

परतल्यावर साहेब शाळेच्या ओसरीवर बसले. शेरेबुक मागवलं, टोपण काढलं आणि थांबले.

"पाठ उत्तम होता, त्रिंबक सर. असा पाठ मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. पण टाचण खोटं आहे. मला दोन्ही लिहावं लागेल. आणि टाचण खोटं असा शेरा पडला, की डिसेंबरचं तुमचं काम अडकेल. मला वाईट वाटतं, पण मी डोळेझाक करणारा माणूस नाही."

त्रिंबक म्हणाला, "हो साहेब." एवढंच.

"खोटं न्हाई ते," गंगासागरबाई म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली. बाई उभ्या राहिल्या होत्या. आवाज बाहेर छावणीपर्यंत ऐकू जाईल एवढा होता.

"तो पूर माझा हाय, साहेब. मीच दाखवलेला. चोवीस वर्षांमागं, याच गावात, याच नदीला. एक्केचाळीस पोरं होती, मी स्वतः मोजलेली. ही बघा वही." बाईंनी कपाटातून लाल वही आणून साहेबांपुढं ठेवली. "मी प्रत्येक नव्या मास्तराला ही उतरवायला लावते. जशीच्या तशी. यानं पहिल्या वर्षी स्वतःचं लिहिलं तर मी रेघ मारली. पंधरा दिवसांमागं यानं मला विचारलं, झिऱ्यावर पाठ घेऊ का. मी न्हाई म्हणाले. हे पान खोटं असंल तर ते माझ्या नावावर लिवा. अन् मघाशी मी गप्प बसले, तेबी लिवा."

साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. ओळीला ओळ, शब्दाला शब्द. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"आणि हे घसरलेलं पोरगं? तेही खरं?"

"खरं न्हाई तर काय? हे काय इथंच बसलंय." बाईंनी हात केला. "हा अर्जुन्या. नको म्हणताना काठाला गेला अन् सपशेल आडवा. नाकातोंडात चिखल. बादलीभर पाण्यानं धुतला मी याला."

अर्जुनरावांची इस्त्री एकदम मऊ पडली. "बाई, साहेबांसमोर ते कशाला काढायलात!" ते म्हणाले. आणि मग त्यांनाच हसू आवरेना. साहेब हसले, त्रिंबकही हसला, आणि ओसरीच्या कडेला दाटलेली एकवीस पोरं तर नुसती गडबडा लोळायला लागली. आपला चेअरमन चिखलात पडला होता, ही बातमी घटकाभरात छावणीतल्या शेवटच्या म्हशीपर्यंत पोचली.

पण साहेब हसले तरी साहेबच. त्यांनी दोन शेरे लिहिले आणि वाचूनही दाखवले. पहिला: शिक्षण सेवकाने परिसरातील साधनांवर आधारित उत्कृष्ट पाठ घेतला, यापुढे टाचण स्वतःचे लिहावे. दुसरा: मुख्याध्यापिकेने शिक्षकाकडून जुन्या टाचणाची नक्कल करून घेतली व नव्या कल्पनेस मज्जाव केला, याबद्दल लेखी समज देण्यात येत आहे. बाईंनी दुसऱ्या शेऱ्याखाली सही केली. टपोऱ्या अक्षरात, पूर्ण नाव. या वेळी मात्र वाचून.

साहेबांची मोटरसायकल धुळीत दिसेनाशी झाली, तसा त्रिंबक बाईंच्या टेबलापाशी आला. डोळे भरलेले.

"कावून केलंत बाई असं? तेहतीस वर्षं... एक ठिपका नव्हता तुमच्या सेवापुस्तकात."

"मग आता पडला. पुस्तक काय कोरंच न्यायचं होतं घरी?" बाई म्हणाल्या. "तू माझ्यासाठी खोटं बोललास ना, तिथं मला जे झालं ते या शेऱ्यानं न्हाई झालं. बारा मास्तर घडवले म्हणत होते मी. अरे, मी बारा नकला काढल्या." मग पदरानं नाक पुसून त्यांनी नेहमीचा आवाज काढला. "रडू नको. पोरं बघायलेत. उद्या काय घेणार?"

"उद्या पुन्हा मोजू. मग रोजच्या आकड्यांचा तक्ता करू. अन् चौथीला वाटतंय, दोन झिऱ्यांची तुलना करावी."

बाईंच्या तोंडाशी आलं, तक्ता आखायची रीत अशी नाही, आधी उभ्या रेघा. त्यांनी ते गिळलं. गिळायला बराच वेळ लागला.

"मी येऊ का?" त्यांनी विचारलं.

"बाई, तुमी? तुमची शाळा हाय ती."

"शाळा माझी हाय. पाठ तुझा हाय. म्हणून विचारलं."

त्रिंबकची कायम झाल्याची ऑर्डर डिसेंबरात वेळेवर आली, हे इथंच सांगून टाकतो, उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. पेढे अर्जुनरावांनी संस्थेच्या दुधाचे केले, म्हणून आकारानं बारीक होते. पण बाईंना विचाराल तर त्या ऑर्डरचं काहीच सांगणार नाहीत. त्या सांगतात ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आपली पहिली-दुसरी घेऊन नदीवर गेल्या. ऊन अजून कोवळं होतं. त्रिंबक वाळूवर काठीनं तक्ता आखत होता, आडव्या रेघा आधी. पोरं गोल करून बसली होती. बाईंना बसायला कुणी खुर्ची आणली नव्हती, म्हणून त्या साडी सावरून पोरांतच बसल्या, तुळजाच्या शेजारी. त्रिंबकनं तुळजाला विचारलं, "काल किती होतं, आज किती आहे, आणि फरक कशामुळं पडला असेल?" बाईंना उत्तर सुचलं. चांगलं होतं. त्यांनी सवयीनं तोंड उघडलं आणि सांगायला सुरुवात केली.

तुळजानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हात वर करा आदी. अन् थांबा जरा. सरांनी मला इचारलंय."

गंगासागरबाईंनी हात वर केला, आणि आपली पाळी येईपर्यंत तो तसाच वर धरून बसल्या.